टाळी दिसली कधी आणि ऐकू आली कधी

आत्ता मी टाळी वाजवली, बघितलीत ना? हात एकत्र आले आणि त्याच क्षणी आवाज आला असंच सगळ्यांना वाटलं, अगदी शेवटच्या रांगेत बसलेल्यांना पण. पण आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे तीस मीटर मागे बसलेल्या माणसाला तो जवळजवळ ८७ मिलिसेकंद उशिरा मिळतो, आणि प्रकाश त्याआधीच येऊन गेलेला असतो. तरी मागून कोणी म्हणालं नाही की आवाज लेट आला.

बरं, मग पुढच्या रांगेतल्यांचं तरी बरोबर का? तेही नाही. कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मिलिसेकंदाच्या आतच सिग्नल तयार करतात, पण डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश पडला की आधी रासायनिक क्रियांची साखळी चालते आणि त्यात तीस-चाळीस मिलिसेकंद सहज जातात. म्हणजे जवळची टाळी मेंदूला आधी ऐकू येते आणि मग दिसते, लांबची उलट, आणि मध्ये कुठेतरी दहा-पंधरा मीटरवर दोन्ही बरोबर येतात. आणि आपल्याला सगळीकडे एकच टाळी! मला हे खूप विलक्षण वाटतं, कारण याचा अर्थ ‘एकाच वेळी’ हे बाहेरून आयतं येत नाही, ते मेंदू ठरवतो.

आणि ठरवताना तो दोन्ही बाजूंना सारखी सूट देत नाही. टीव्हीवर ओठ आणि आवाज जुळत नाहीत तेव्हा किती वैतागायला होतं ते सगळ्यांना माहितीये. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत आकडे आहेत, आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला की लोकांच्या लक्षात यायला लागतं, पण उशिरा असेल तर १२५ पर्यंत चालून जातं. का? लांबवर कोणी लाकूड फोडत असेल तर घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो, जन्मापासून आपण हेच बघत आलोय, बाहेरच्या जगात उलटं कधीच नाही. मला हे कारण पटतं, कारण ही सूट सवयीने सरकते सुद्धा. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी लोकांना काही मिनिटं प्रकाशाचा फ्लॅश आणि बीप ठरावीक अंतराने दाखवले-ऐकवले, तर नंतर त्यांचं ‘एकाच वेळी’ त्या अंतराच्या दिशेने सरकलेलं सापडलं.

आता या सगळ्यात नोकरी गमावलेल्या किनब्रुकबद्दल सांगतो, त्याच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या ग्रीनिचच्या वेधशाळेत आकाशातला तारा दुर्बिणीत ताणलेल्या बारीक तारेवरून जाताना डोळ्याने बघायचा आणि त्याच वेळी कानाने घड्याळाचे ठोके मोजायचे, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये तो नेमका कधी गेला ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत लिहायचं अशी पद्धत होती. डेव्हिड किनब्रुक हा तिथला असिस्टंट, त्याच्या नोंदी मुख्य खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलाइनपेक्षा ०.८ सेकंद उशिराच्या यायला लागल्या, सांगूनही फरक पडेना, आणि १७९६ मध्ये त्याला काढून टाकलं. पुढे जर्मनीत बेसल या खगोलशास्त्रज्ञाने ही हकीकत वाचली आणि १८२० च्या सुमारास स्वतःने नोंदवलेली वेळ इतर नामांकित खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदींशी ताडून बघितली, तर सगळे अनुभवी लोक असूनही फरक काही जणांशी एक सेकंदाच्या वर निघाला. मॅस्केलाइनच्या नोंदी सुद्धा मॅस्केलाइनच्या मेंदूच्याच होत्या ना! पण हे कळेपर्यंत किनब्रुक राहिला नव्हता, तो १८०२ मध्येच गेला.