ट्रेलर पाहणाऱ्यांना पाहताना

(दृश्य: महालातील अरुंद गल्ली, भर दुपार. जुन्या वाड्याचा अर्धवट उघडा लाकडी दरवाजा.)

नागपूरच्या महाल भागातील या वाड्यात, जनसंवाद शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी एका भयपटाचा ट्रेलर चित्रित केला. त्याची लांबी एक मिनिट पन्नास सेकंद आहे. मूळ चित्रपट अजून व्हायचा आहे. त्यासाठी पैसा आणि माणसे जमवायची तर आधी दाखवण्यासारखे काहीतरी हातात हवे, म्हणून ट्रेलर अगोदर झाला. वाडा विकण्यासाठी परत आलेली नात, माडीवरची कुलूपबंद खोली आणि त्या खोलीच्या कोपऱ्यात उभी असलेली, कामट्या आणि कागद यांची, बाईच्या उंचीची आकृती, एवढाच त्याचा ऐवज. या माहितीपटाचा विषय मात्र तो ट्रेलर पाहणारी माणसे हा आहे, आणि त्यांच्याकडून या मुलामुलींनी जे जाणून घेतले ते नेमके कोणत्या वाटेने हाती आले, हा आहे.

पहिला खेळ विभागाच्या संगणक कक्षात झाला. प्रेक्षक वर्गातलेच होते. प्रत्येकाच्या हाती एक छापील प्रश्नावली दिली होती आणि तिचा पहिला प्रश्न होता, ‘ट्रेलर किती भीतिदायक वाटला? १ ते ५ गुण द्या.’ बहुतेकांनी चारवर खूण केली. ट्रेलर भीतिदायक आहे हे प्रश्नानेच आधी ठरवून टाकले होते, उत्तर देणाऱ्याला फक्त प्रमाण सांगायचे उरले होते. शिवाय पुढच्या महिन्यात आपलीही फिल्म याच मंडळींसमोर लागणार आहे, हे ठाऊक असलेला वर्गमित्र दोन गुण देईल अशी अपेक्षाच चुकीची. सूचनांच्या रकान्यात कोणी भूत आणखी दाखवा असे लिहिले, कोणी भूत कमी दाखवा असे लिहिले. कागदांच्या त्या गठ्ठ्यातून एक दृश्य इकडचे तिकडे करण्याइतकेही कारण मिळाले नाही.

(दृश्य: वाड्याचा चौक, संध्याकाळ. भिंतीला बांधलेली पांढरी चादर, समोर सतरंजी आणि काही प्लास्टिकच्या खुर्च्या.)

दुसऱ्या खेळासाठी त्यांनी वाड्यातली आणि शेजारची माणसे बोलावली. त्यांत आजीबाई होत्या, शाळकरी मुले होती, इतवारीत दुकान असलेले दोन काका होते. या वेळी प्रश्नावली नव्हती. चादरीच्या बाजूला एक मोबाइल प्रेक्षकांकडे तोंड करून लावला होता. चेहरे टिपले जाणार हे सर्वांना आधी सांगितले होते आणि ज्यांना ते नको होते त्यांना मोबाइलच्या मागे बसवले होते. त्या चित्रीकरणात ट्रेलरचा आवाजही मुद्रित होत होता, त्यामुळे नंतर संकलनाच्या टेबलावर दोन्ही ध्वनिलहरी एकाखाली एक जुळवल्या की ट्रेलरच्या कोणत्या सेकंदाला कोणत्या चेहऱ्यावर काय उमटले, हे शेजारी शेजारी पाहता येत होते. पद्धत अगदी साधी आहे आणि तिला पैसा लागत नाही.

विदर्भातला प्रेक्षक तसा मुका बसत नाही. झाडीपट्टीतली नाटके धानाच्या कापणीनंतर रात्रभर चालतात आणि समोर बसलेला समुदाय पसंती-नापसंती तिथल्या तिथे ऐकवतो. या गटातील ध्वनिसंयोजक गडचिरोली जिल्ह्यातला असल्याने त्याला हे लहानपणापासून परिचयाचे होते. तरीही त्या संध्याकाळी कामाची ठरलेली गोष्ट कोणी बोलून दाखवलेली नव्हती. ट्रेलरच्या अडतिसाव्या सेकंदाला बंद खोलीच्या दाराची कडी आपोआप किंचित वर उचलली जाते आणि पुन्हा खाली पडते. मोबाइलमधल्या चित्रीकरणात दिसते की नेमक्या त्या क्षणी खुर्चीवर बसलेल्या एका काकूंनी जमिनीवर टेकलेले पाय हळूच वर घेतले, मांडी घातली आणि साडी पावलांवर ओढून घेतली. खेळ संपल्यावर त्यांना कोणते दृश्य लक्षात राहिले असे विचारले, तेव्हा त्यांनी कडीचा उल्लेखही केला नाही. त्यांच्या मते शेवटची किंकाळी ‘चांगली होती’.

त्या किंकाळीवर दिग्दर्शिकेची सर्वाधिक भिस्त होती. एक मिनिट बाराव्या सेकंदाला कोपऱ्यातली आकृती एकदम पूर्ण दिसते, नात किंचाळते, आणि चौकात हशा पिकला. भयपटाच्या प्रेक्षागृहात हसू येणे वाईटच असे नाही. दचकल्यानंतर ताण उतरतो तेव्हाही माणूस हसतो, आणि ते हसू दिग्दर्शकाला हवेच असते. म्हणून त्यांनी चित्रीकरण एकेक चौकट पुढे सरकवत पाहिले: अंग आधी दचकते आणि हसू मागाहून येते, की हसू आधीच येते? बहुतेक चेहऱ्यांवर हसू आधी आले होते, दचकण्याचा पत्ताच नव्हता. मूकपटांच्या काळात हॅरॉल्ड लॉइड आपले विनोदी चित्रपट प्रदर्शनापूर्वी प्रेक्षकांना दाखवत, हशा कुठे येतो आणि कुठे येत नाही ते पाहत आणि पुन्हा कापजोड करत. भयपटाला हेच काम उलट्या दिशेने करावे लागते, कारण तिथे आलेला हशा कोणत्या जातीचा आहे हेही ओळखावे लागते.

हे हसू कोणत्या जातीचे होते, ते एका शाळकरी मुलाने सांगून टाकले.

“हे तं मारबत आहे ना बाप्पा! तिले काऊन भ्याचं?”

(दृश्य: मारबत मिरवणुकीची जुनी छायाचित्रे, गल्लीत कामट्या बांधणारी मुले.)

नागपूरबाहेरच्या प्रेक्षकांसाठी येथे थोडे सांगावे लागेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१पासूनची आणि पिवळ्या मारबतीची १८८५पासूनची मानली जाते. सोबत त्या त्या वर्षाच्या सार्वजनिक रागाचे बडगे, म्हणजे पुरुषरूपी पुतळे, असतात, आणि गल्लोगल्लीची मुले आपापल्या छोट्या मारबती करून फिरवतात. ‘ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशी हाक देत पुतळे शहरभर मिरवले जातात आणि शेवटी शहराबाहेर नेऊन जाळले जातात. पिवळ्या मारबतीला तर लोक श्रद्धेने हात जोडतात. कामट्यांची, कागदाची, मोठ्या डोळ्यांची बाई पाहिली की महालातल्या मुलाला घरचे संकट घेऊन जाणारी आठवते. विद्यार्थ्यांनी तीच बाई संकट म्हणून कोपऱ्यात उभी केली होती. कलादिग्दर्शन करणारी मुलगी अमरावतीची, दिग्दर्शिका नागपूरचीच पण नव्या वस्तीतली. आकृतीचे डोळे रंगवताना हे साम्य दोघींना जाणवले होते, पण त्यांना ते फक्त दिसण्यापुरते वाटले होते.

चर्चा इथे मिटू शकली असती आणि आकृतीला वेगळा चेहरा देऊन काम भागले असते. तसा उपाय एका काकांनी सुचवलाही: पांढरी साडी नेसवा, केस मोकळे सोडा. प्रेक्षकाने सुचवलेला उपाय बहुधा त्याने आधी पाहिलेल्या चित्रपटांतूनच आलेला असतो. तो ऐकावा, लिहून घ्यावा, पण त्यामागची तक्रार वेगळी काढावी. तक्रार एवढीच होती की ही बाई आमच्या ओळखीची आहे. आणि तेवढ्यात मागे बसलेल्या एका आजींनी, मुलाला समजावावे तशा सुरात, म्हटले, “जाळली नसंल तं भ्याचंच ना.”

त्या वाक्यानंतरची चौकातली शांतता ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येते. आजींनी ट्रेलरला कोणताही उपाय सुचवला नव्हता, त्यांना एका रूढीची अट तेवढी ठाऊक होती. गल्लीतल्या पोरांनी कधीकाळी केलेली एक छोटी मारबत मिरवली गेली, घराघरातली पीडा तिच्यावर सोपवली गेली, आणि ती जाळलीच नाही, वाड्याच्या माडीवर ठेवून दिली. कथेत हे कुठेच नव्हते. आता कथेचा कणाच हा आहे. मोठ्या मारबती ज्या लोकांच्या श्रद्धेचा विषय आहेत त्यांना धक्का लागू नये म्हणून गटाने आकृती मुद्दाम लहान, वेडीवाकडी, शाळेच्या वहीचे कागद लावलेली अशी पुन्हा बनवली; ती आता बाईच्या उंचीची नाही, आठ वर्षांच्या मुलाच्या उंचीची आहे, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा कितीतरी वाईट दिसते, म्हणजे भयपटाच्या दृष्टीने चांगली.

त्याच संध्याकाळी त्यांनी सर्वांना आणखी एक काम दिले होते: आत्ता पाहिलेली गोष्ट शेजारच्याला सांगतो तशी सांगा. जवळजवळ प्रत्येकाने सांगितले की नात वाड्यात पुरलेले सोने शोधायला आली आहे. विक्रीचा विषय काढणारे दलालाचे वाक्य संगीताखाली बुडाले होते आणि दोन सेकंद दिसणाऱ्या पत्र्याच्या पेटीने सगळी गोष्ट आपल्याकडे ओढून नेली होती. पेटीचे दृश्य काढले गेले. त्या जागी दरवाजावर खडूने लिहिलेली पाटी आली: ‘वाडा विकणे आहे’.

(दृश्य: खिडकीत बसवलेला कूलर. आवाज पूर्ण.)

आता आवाजाकडे यावे लागेल, कारण नागपुरात एप्रिलमध्ये ट्रेलर दाखवायचा तर कूलर बंद ठेवता येत नाही. संकलन रात्री वसतिगृहात, कानाला हेडफोन लावून झाले होते. तिथे ५० हर्ट्झच्या आसपासची एक खोल घरघर ट्रेलरभर पसरलेली ऐकू येत होती आणि कडीच्या आधी ती एकदम थांबत होती. ही शांतता म्हणजे त्या दृश्याची निम्मी ताकद. प्रत्यक्षात चौकात खिडकीतल्या कूलरची घरघर त्यांच्या घरघरीवर बसली. घरघर सुरू झालेली कोणाला कळली नाही आणि थांबलेलीही कळली नाही. तरी कडीने काम केले, कारण धातूचा उंच, बारीक आवाज कूलरच्या आवाजातून वाट काढतो.

मोबाइलवर अवस्था आणखी वाईट होती. दुसऱ्या दिवशी तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी थांबलेल्या काही जणांना ट्रेलर मोबाइलवरच दाखवला, तेव्हा ती घरघर शून्य झाली. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून १०० हर्ट्झच्या खालचे सूर जवळजवळ निघतच नाहीत. ध्वनिसंयोजकाने यावर जो मार्ग काढला तो जुना आणि खात्रीचा आहे. मूळ सुराचे १००, १५०, २०० आणि ३०० हर्ट्झचे उपस्वर, म्हणजे त्याच्या पटीतले उंच सूर, त्याने वर जोडले. उपस्वर ऐकले की मेंदू गाळलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो, त्यामुळे छोट्या स्पीकरवरही खोल आवाजाचा भास टिकतो. कूलरसाठी मात्र त्याला वेगळा विचार करावा लागला. शांततेवर विसंबता येत नसेल, तर शांततेऐवजी ओळखीचा आवाज बंद पडला पाहिजे. म्हणून आता पडद्यावरच्या खोलीतही एक पंखा कुरकुरत फिरतो आणि कडी हलण्यापूर्वी ती कुरकुर थांबते. १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’ या चित्रपटात पाठलागाच्या ताणात अचानक बसच्या ब्रेकचा आवाज येतो आणि प्रेक्षक उडतो. तिथे आवाज आल्याने जे साधले, ते इथे आवाज गेल्याने साधले आहे.

ठेल्यावर चित्राचीही परीक्षा झाली. दुपारच्या उन्हात मोबाइलवरचा काळोख आरशासारखा झाला आणि पाहणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसू लागला. सगळे दृश्य उजळ केले तर रात्र उरत नाही. त्यांनी माडीच्या जिन्याचे दृश्य पुन्हा चित्रित केले, नातीच्या हाती कंदील दिला आणि दाराच्या कडेवर प्रकाशाची एक रेघ ठेवली. बाकीचा काळोख आता काळाच राहतो, पण डोळ्याला धरायला काहीतरी मिळते.

ताजा प्रेक्षक ही भयपटाच्या बाबतीत खर्च होणारी वस्तू आहे. कडी हलणार हे एकदा कळले की तोच माणूस पुन्हा पाय वर घेत नाही. म्हणून सुधारलेला ट्रेलर वाड्यातल्या मंडळींना दाखवलाच नाही. तो वसतिगृहातील नाशिक, कोल्हापूर आणि पुणे येथील मुलामुलींना दाखवला, ज्यांना मारबत ठाऊक नव्हती. आकृतीला ते दचकले, हसू मागाहून आले. मात्र ती जाळायची का होती, हे त्यांना उमगले नाही.

संकलकाचे म्हणणे, खुलासा करणारी पाटी टाकावी. दिग्दर्शिकेचा पाटीला विरोध आहे, आणि तिच्या बाजूला एक चांगले कारण आहे: पाटी वाचणारा माणूस घाबरत नाही. तूर्त त्यांनी पाटीशिवाय आजीच्या आवाजातले एकच वाक्य ठेवले आहे, “ही जाळली नव्हती?” महालातल्या माणसाला त्यात सगळे कळते, आणि कोल्हापूरच्या माणसाला निदान एवढे कळते की काहीतरी करायचे राहून गेले आहे. पुढचा खेळ चंद्रपूरला, दिग्दर्शिकेच्या मावशीकडे ठरला आहे. तिथेही कूलर आहे, आणि तो चालूच ठेवायचा असे ध्वनिसंयोजकाने बजावले आहे.