पाच लाखांच्या पॉलिसीतले हाती किती?

(इंदूरच्या मराठी ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी कुठलीही पॉलिसी विकायला आलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. नोकरी सगळी विमा कंपनीच्या क्लेम विभागात गेली. त्यामुळे पॉलिसी घेताना लोकांचं काय बघायचं राहून जातं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

लोक बघतात सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची रक्कम. ‘आमची पाच लाखांची आहे हो!’ पण पाच लाख ही कंपनीची वरची मर्यादा झाली. तुमच्या बिलातलं किती मिळणार, हे आतल्या पानावरची एक ओळ ठरवते, ती म्हणजे रूम रेंटची, खोलीच्या रोजच्या भाड्याच्या मर्यादेची. बऱ्याच जुन्या पॉलिसींत ती सम इन्शुअर्डच्या एक टक्का असते, म्हणजे पाच लाखांवर रोजचे ५,००० रुपये.

आता कागद-पेन असेल तर काढा. समजा, घरातले आजोबा बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं, चार दिवस मुक्काम पडला. मुलगा म्हणाला, बाबांना जरा बरी खोली घेऊ. घेतली ८,००० ची. बिल आलं ३,२०,००० रुपये. त्यात खोलीचे ३२,०००. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, डॉक्टरांच्या व्हिजिट मिळून १,४८,०००. इम्प्लांट, औषधं, तपासण्या १,२८,०००. उरलेले १२,००० हातमोजे, किट, फाइल चार्ज असल्या किरकोळ गोष्टींचे, जे बहुतेक पॉलिसी देत नाहीत.

घरच्यांचा हिशेब असा की रोजचे तीन हजार जास्तीचे, म्हणजे चार दिवसांचे १२,००० आपल्या खिशातून. आणि फार तर ते किरकोळ. पण कंपनी म्हणते, तुमचा हक्क ८,००० पैकी ५,००० चा, म्हणून सर्जन-थिएटरचेही आठातले पाचच भाग देणार. १,४८,००० चे झाले ९२,५००. इथेच ५५,५०० गेले. सगळं मिळून खिशातून ७९,५००. मोठ्या खोलीतल्या पेशंटला हॉस्पिटल ऑपरेशनचाही दर चढा लावतं, हे कंपनीच्या म्हणण्यामागचं कारण. तर्क चुकीचा नाही. तो डिस्चार्जच्या काउंटरवर पहिल्यांदा कळतो, ही अडचण आहे.

यातही २०२० पासून आपल्या बाजूचे नियम आहेत. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूच्या खर्चावर ही प्रमाणाची कात्री चालत नाही. आणि ज्या हॉस्पिटलात खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत, तिथे ती कशावरच चालत नाही. म्हणून ॲडमिशनच्या वेळीच विचारा, ‘खोली बदलली तर ऑपरेशनचा दर बदलतो का?’ ‘नाही’ म्हणाले, तर तसं लिहून मागा. देताना कुरकुर करतील, मागायचंच.

दुसरी ओळ आपल्या इंदूरकरांच्या फार कामाची: झोन. काही कंपन्या शहरांप्रमाणे हप्ता ठरवतात. मुंबई-दिल्ली वरच्या झोनमध्ये, आपण खालच्या. हप्ता कमी म्हणून आपण खूश. पण आपल्याकडे निम्म्या घरांतली मुलं पुण्या-मुंबईला. आईला काही झालं की मुलगी म्हणते, इकडेच घेऊन या. धार-खरगोनहून लोक उपचाराला इंदूरला येतात आणि आपण मुंबईला जातो! तिथे ॲडमिट झालात की खालच्या झोनच्या पॉलिसीला को-पे लागू शकतो, म्हणजे बिलाचा ठरावीक टक्का तुमच्या माथी. मुलांकडे जाऊन उपचार घ्यायची शक्यता असेल, तर नूतनीकरणाच्या वेळीच वरचा झोन मागा.

खर्च वाढतच का जातो, हा प्रश्न सगळे विचारतात. माझं मत सांगतो. सरकारने २०१७ साली फेब्रुवारीत स्टेंटची, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीच्या नळीची, आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटची कमाल किंमत बांधली. चांगलं केलं. पण स्टेंटची किंमत बांधली, तो बसवण्याची नाही. खोली, थिएटर, व्हिजिट यांना तशी मर्यादा नाही, मग बिल फुगतं ते याच ओळींत. आणि काउंटरवर ‘काय होतंय’च्या आधी ‘इन्शुरन्स आहे का’ विचारतात, ते काही उगीच नाही.

हप्त्याचं थोडक्यात. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाशी, बोलावं लागतं, हा जानेवारी २०२५ चा आदेश. पाच लाख पुरणार नाहीत असं वाटत असेल, तर मूळ पॉलिसी मोडू नका, वर सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे वर्षातला खर्च ठरलेल्या रकमेपुढे गेला की वरचा भाग देणारी जोड-पॉलिसी. ते स्वस्त पडतं. फक्त त्याचा वेटिंग पीरियड, म्हणजे आधीच्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो काळ, पहिल्यापासून सुरू होतो.

फॉर्म भरताना एजंट म्हणतो, ‘काका, शुगरचं नका लिहू.’ लिहा! आधीच्या आजाराचा वेटिंग पीरियड एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. तीन वर्षं थांबणं परवडतं, लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारला जाणं परवडत नाही. त्या वेळी एजंट फोन उचलत नाही.

सत्तरी ओलांडलेल्यांनी सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंच पाहिजे. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांचं संरक्षण आहे, आणि खासगी पॉलिसी असली तरी चालतं. ‘सरकारी कार्ड आपल्याला कशाला’ हा रुबाब आपल्या मध्यमवर्गात फार. मात्र हॉस्पिटल योजनेच्या यादीत आहे एवढ्यावर जाऊ नका, तुमच्या आजाराच्या विभागासाठी आहे का ते बघा. हृदयासाठी असेल, हाडांसाठी नसेल, असं होतं.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे ग्राहक आणि कंपनीतले वाद सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. आपलं कार्यालय भोपाळला. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा वाद चालतो. सुनावणी व्हिडिओवरही होते, त्यामुळे गुडघे दुखतात ही सबब चालायची नाही. सोबत पॉलिसीची प्रत, क्लेम नाकारल्याचं पत्र, डिस्चार्ज समरी आणि बिलं जोडा. आणि हो, ते खोलीच्या दराबद्दल लिहून घेतलेलं पत्रही.