जागा वाढल्या, शिकवणारे कुठून आणायचे?

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचे निकाल लागले, नीट झाली, सीईटी झाली, की आपल्या खान्देशात घरोघरी एकच विषय असतो: नंबर कुठे लागेल? शहादा, चोपडा, साक्री, पारोळा, कुठून कुठून फोन येतात. मी नर्सिंग शिकवते. बरीच वर्षं वॉर्डात विद्यार्थिनींबरोबर उभं राहण्यात गेली, आणि आता वेळापत्रक, प्रवेश, शिक्षकांच्या नेमणुका हे कामही माझ्याकडे आहे. त्यामुळे पालक हमखास विचारतात, "मॅडम, यंदा जागा वाढल्या का?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या जोडीने जो दुसरा प्रश्न यायला हवा, तो क्वचितच कुणी विचारतं: शिकवणारे किती आहेत? आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी वाढीबद्दल. धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ सालचं. त्यानंतर खान्देशात शासनाचं दुसरं महाविद्यालय यायला तीस वर्षं जावी लागली. जळगावचं २०१८ साली सुरू झालं आणि पाठोपाठ २०२० मध्ये नंदुरबारचं. देशाचं चित्रही असंच आहे. २०१४ च्या सुमारास एमबीबीएसच्या जागा देशभरात ५१ हजारांच्या आसपास होत्या. दहा वर्षांत त्या १ लाख १२ हजारांवर गेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी पुढच्या पाच वर्षांत आणखी ७५ हजार वैद्यकीय जागांची घोषणा केली. नर्सिंगसाठी २०२३ मध्ये केंद्राने १५७ नवी महाविद्यालयं मंजूर केली, प्रत्येकी १०० जागांची.

ही वाढ आपल्याला हवीच आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती, आणि त्यातले दोनतृतीयांशांहून अधिक लोक आदिवासी. अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरात कुपोषण आहे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नर्मदेवरच्या धरणाचं पाणी मागे तुंबलं आहे, त्या फुगवट्याकाठच्या पाड्यांपर्यंत दवाखाना बोटीतून न्यावा लागतो. अशा ठिकाणी बाहेरून आलेली नर्स किंवा डॉक्टर वर्षभरात बदली मागते. तिथे टिकेल ती तिथलीच मुलगी, जिला तिथली पावरी बोली बोलता येते आणि जिला पाड्यावरची आजी आपली वाटते. त्या मुलीसाठी जागा वाढायलाच हव्यात. माझं म्हणणं एवढंच, की ती शिकायला येईल तेव्हा तिला शिकवणारं माणूस वॉर्डात उभं असलं पाहिजे.

आता जरा हिशेब करू. भारतीय परिचर्या परिषदेचं, म्हणजे नर्सिंग कौन्सिलचं, प्रमाण आहे दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. साठ जागांचं महाविद्यालय असेल तर चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी, आणि २४ शिक्षक. समजा, जागा साठाच्या शंभर झाल्या. व्यवस्थापनाला वाटतं, चाळीस मुलं वाढली, चार शिक्षक घेऊ. पहिल्या वर्षी तो हिशेब जुळतोही. दुसऱ्या वर्षी मात्र जास्तीची मुलं ८० होतात, तिसऱ्या वर्षी १२०, चौथ्या वर्षी १६०. म्हणजे लागणार होते सोळा शिक्षक. वाढ पहिल्या वर्षी दिसते तेवढी नसते, ती चार वर्षं येत राहते, आणि नेमणुका मात्र बहुतेक ठिकाणी पहिल्याच वर्षी थांबतात.

त्यातही नुसती संख्या जुळून भागत नाही. पहिल्या वर्षाला परिचर्येची मूलतत्त्वं शिकवणाऱ्या बाई तिसऱ्या वर्षाला बालरुग्ण, मानसिक आरोग्य आणि प्रसूती हे सगळं शिकवू शकत नाहीत. प्रसूतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली शिक्षिका दोन वर्षांनी लागणार, हे आजच माहीत असतं. तिचा शोध आज सुरू करायला हवा. प्रत्यक्षात तो सत्र सुरू झाल्यावर, वेळापत्रकात रिकामा चौकोन दिसल्यावर सुरू होतो. रावेर-यावलचा शेतकरी विहिरीचं पाणी बघितल्याशिवाय केळीचं क्षेत्र वाढवत नाही. एवढी साधी गोष्ट शिक्षणात आपण का विसरतो, हे मला खरोखर कळत नाही.

शिक्षक कमी पडले की नेमकं काय बिघडतं, ते वॉर्डात दिसतं. रक्तदाब मोजणं शिकवायचं असतं तेव्हा आमच्याकडे एक वेगळा स्टेथोस्कोप असतो. त्याला कानात घालायच्या नळ्यांच्या दोन जोड्या. एक जोडी विद्यार्थिनीच्या कानात, एक माझ्या. पट्टा फुगवायचा, हळूहळू हवा सोडायची, आणि दोघींनी एकाच वेळी तोच ठोका ऐकायचा. नवीन मुलगी घाबरलेली असते. तिला ठोका नीट ऐकू येत नाही, पण तसं सांगायची लाज वाटते. मग ती पुस्तकातला आकडा सांगते: "मॅडम, १२० वर ८०." मी मात्र १५० वर ९६ ऐकलेलं असतं. मी रागावत नाही. पुन्हा पट्टा फुगवते, पहिला ठोका आला की तिच्या मनगटावर बोट टेकवते, शेवटचा गेला की पुन्हा टेकवते. तिसऱ्या खेपेला तिला ऐकू येतं, आणि तिचा चेहरा बदलतो. त्यानंतर ती आयुष्यात कधी अंदाजाने आकडा लिहीत नाही.

एका मुलीला यासाठी पाचसात मिनिटं लागतात. दहा मुलींचा तास होतो. पंचवीस मुली एका शिक्षिकेच्या अंगावर पडल्या, की पहिल्या आठदहा जणी शिकतात आणि बाकीच्या बघतात. बघणाऱ्यांपैकी कुणाला ठोका ऐकू आला नाही, हे कुणालाच कळत नाही. तीच मुलगी पुढे उपकेंद्रात नेमली जाते. सातव्या महिन्यातल्या गरोदर बाईचा रक्तदाब वाढलेला असतो आणि कार्डावर १२० वर ८० लिहिलं जातं. त्या बाईला झटके येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचा कागदावरचा आकडा शेवटी त्या बाईपर्यंत पोचतो, म्हणून मी इतक्या कळकळीने हे बोलते आहे.

पेशंटचाही विचार करा. मुलींची गर्दी वाढली तरी खाटा तेवढ्याच असतात. वॉर्डातल्या एक आजी एकदा विद्यार्थिनीला म्हणाल्या, "सकायपाईन आते तू चौथी शे, माय." म्हणजे सकाळपासून तपासायला आलेली तू चौथी. हात पुढे केला त्यांनी, पण थकल्या होत्या. आजारी माणसाच्या सोसण्यालाही मर्यादा आहे, आणि जागा वाढवताना ती कुठल्याच अर्जात लिहावी लागत नाही.

डॉक्टरांच्या बाबतीत गणित आणखी अवघड आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार वर्षाला १०० प्रवेश घेणाऱ्या महाविद्यालयाला ४२० खाटा आणि ८५ शिक्षक लागतात. हे ८५ जण येणार कुठून? जळगावच्या पहिल्या तुकडीतला, २०१८ साली आलेला विद्यार्थी घ्या. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षं एम.डी., एक वर्ष सीनिअर रेसिडेन्सी, म्हणजे एम.डी.नंतर रुग्णालयातली निवासी डॉक्टरकी. कुठेही न अडखळता गेला तरी साडेनऊ वर्षांनी, म्हणजे २०२८ च्या सुमारास तो सहायक प्राध्यापक व्हायला पात्र होतो. पुढे चार वर्षांनी सहयोगी, आणखी तीन वर्षांनी प्राध्यापक. तेव्हा २०३५ उजाडलेलं असेल. जागा वाढवल्याचं पत्र मात्र एका दिवसात निघतं.

नवं महाविद्यालय सुरू होतं तेव्हा त्यासाठीचे प्राध्यापक बऱ्याचदा जुन्या महाविद्यालयातूनच प्रतिनियुक्तीवर आणले जातात. नव्याची तपासणी पार पडते आणि जुन्यात खड्डा पडतो. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, न्यायवैद्यक अशा विषयांत तर मुळात जाणारेच कमी, कारण त्यात बाहेर प्रॅक्टिस नाही. कायम पदांची जाहिरात, बिंदुनामावली म्हणजे आरक्षणानुसार पदांची यादी, मुलाखती यांत काळ जातो, तोवर कंत्राटी नेमणुकांवर काम चालतं. कंत्राटी माणूस मन लावून शिकवत नाही, असं मी म्हणणार नाही. मी उत्तम शिकवणारे कंत्राटी शिक्षक पाहिले आहेत. पण पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेच ज्याला माहीत नाही, तो मुलांना तीन वर्षांचं काही आखून देऊ शकत नाही. माझी एक विद्यार्थिनी फार चांगली शिक्षिका झाली होती. पगार तीनतीन महिने लांबायचा. शेवटी ती सुरतच्या हॉस्पिटलात गेली. तिला थांब म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

हजेरीची शिस्त अलीकडे कडक झाली आहे. वैद्यकीय शिक्षकांची हजेरी आता मोबाइलवर चेहरा दाखवून, आधारशी जोडून लागते. नावापुरते शिक्षक दाखवण्याचे प्रकार देशात घडले आहेत, तेव्हा हे पाऊल योग्यच म्हणायला हवं. तरी हजेरीतून माणूस आवारात आहे एवढंच कळतं. तो विद्यार्थ्यासोबत खाटेपाशी गेला का, हे विद्यार्थीच सांगू शकतो. विद्यार्थ्यांना निर्भयपणे सांगता येईल अशी सोय प्रत्येक महाविद्यालयाने केली पाहिजे.

२०२५ च्या जुलैत आयोगाने आणखी एक बदल केला. किमान २२० खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काम केलेला पदव्युत्तर तज्ज्ञ आता सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो, आणि दोन वर्षं काम केलेला सहायक प्राध्यापक. यावर टीका झाली. मला स्वतःला हा बदल आवडला. जिल्हा रुग्णालयात सर्पदंश, विषबाधा, अडलेली बाळंतपणं ज्याने वर्षानुवर्षं हाताळली, त्याच्याकडे शिकवण्यासारखं पुष्कळ असतं. अट एकच हवी: त्याला शिकवायला वेळ द्या. ओपीडी तेवढीच ठेवून वर तास घ्यायला लावले, तर तो प्राध्यापक फक्त पाटीवर राहील.

नर्सिंगमध्येही हीच वाट मोकळी करता येईल. आपल्या वॉर्डांत वीसवीस वर्षं काम केलेल्या परिसेविका, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या सिस्टर, आहेत. सलाईन कुठे थांबलं ते त्यांना लांबून कळतं. मुलींना अर्धंअधिक शिक्षण त्यांच्याकडूनच मिळतं, पण ते उपकारासारखं, काम सांभाळून, जमेल तसं. त्यांच्याकडे रीतसर चारसहा मुली सोपवा, त्या वेळेपुरती त्यांची पाळी हलकी करा, मानधन द्या. नियमातली शिक्षकसंख्या याने भरून निघणार नाही, पण वॉर्डातली पाठराखण मिळेल.

खरा इलाज मात्र लांबचा आहे. आपले शिक्षक आपल्यालाच तयार करावे लागतील. एम.एस्सी. नर्सिंगच्या जागा बी.एस्सी.च्या मानाने फार थोड्या, आणि त्याआधी एक वर्ष कामाचा अनुभव लागतो. घरची परिस्थिती बेताची असली की मुलगी पदवीनंतर लगेच नोकरी धरते, ते साहजिकच आहे. दरवर्षी चांगल्या दोनचार मुली निवडून संस्थेने त्यांचा एम.एस्सी.चा खर्च उचलावा आणि त्यांनी परत येऊन तीन वर्षं शिकवावं, असा करार करता येतो. यात मोठा पैसा लागत नाही. पुढचं पाहण्याची तयारी लागते.

आणि राहण्याची सोय. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त शिक्षक याच कारणाने गेले. नंदुरबारला रुजू झालेल्या माणसाला धड क्वार्टर मिळालं, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीचं जमलं, मुलांना शाळा मिळाली, तर तो राहतो. नाहीतर दर शनिवारी तो नाशिकची गाडी पकडतो, आणि एखाद्या सोमवारी परत येत नाही.

पुस्तकी भागासाठी धुळे आणि जळगावच्या शिक्षकांनी एकमेकांकडे तास घ्यायला काय हरकत आहे? दोन तासांचा रस्ता आहे. ऑनलाइन व्याख्यानंही चालतील. जिथे हात धरून शिकवावं लागतं, त्या जागी मग माणसं पुरतील. आणि एवढं करूनही शिक्षक मिळाले नाहीत, तर संस्थेने वाढीव जागा एक वर्ष पुढे ढकलाव्यात. व्यवस्थापनाला फीचा तोटा होईल. तो सोसावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पालकांसाठी. पर्याय भरण्याआधी जमलं तर एकदा महाविद्यालयात जाऊन या. इमारत, लॅब, बस हे सगळं दाखवतातच. तुम्ही तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक मागा आणि प्रत्येक विषयापुढे शिक्षकाचं नाव आहे का ते बघा. कायम किती, कंत्राटी किती, हे विचारा. विचारायला संकोच करू नका, तुमच्या मुलीची चार वर्षं आहेत. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना बाजूला घेऊन विचारा, "वॉर्डात तुमच्यासोबत मॅडम असतात का, आणि एका मॅडमकडे तुम्ही किती जणी?" त्या खरं सांगतात. शक्य असेल तर सकाळी आठच्या सुमारास जा, कारण मुली वॉर्डात त्याच वेळी असतात.

नमस्कार.