गुल्ला भाषा आणि पायाखालची जमीन

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यालगत बेटांची एक लांब रांग आहे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी इथल्या दलदलीत भातखाचरं उभी केली. उन्हाळा आला की मलेरियाच्या भीतीने गोरे मालक निघून जात, मागे राहत ती राबणारी माणसं. इंग्रजी शब्द आणि अनेक आफ्रिकी भाषांची ठेवण यांतून त्यांची स्वतःची भाषा घडली, ती गुल्ला. जॉर्जियात तिला गीची म्हणतात.

तिला वर्षानुवर्षं मोडकंतोडकं इंग्रजी म्हणून हिणवलं गेलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस गीची वस्तीत जन्मले. बोलीवरून मुलं चिडवायची, म्हणून आपण वर्गात गप्प बसायला लागलो, असं त्यांनीच सांगितलं आहे. गुल्ला म्हणजे मोडकं इंग्रजी, हा समज खोडून काढला तो लोरेंझो डाऊ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने. 1930च्या दशकात ध्वनिमुद्रणाचं जड यंत्र घेऊन तो बेटांवर फिरला आणि 1949 साली त्याने गुल्लातले हजारो आफ्रिकी शब्द पुराव्यानिशी छापले.

जॉर्जियातल्या हॅरिस नेक या वस्तीत अमेलिया डॉली यांनी टर्नरच्या यंत्रासमोर एक गाणं म्हटलं. अर्थ त्यांना ठाऊक नव्हता; आईकडून आलेलं गाणं, एवढंच. ते निघालं पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन देशाच्या मेंडे भाषेतलं, अंत्यविधीचं. तिथल्या सेनेहुन न्गोला गावात बैंदू जबाती नावाच्या बाईंना तेच गाणं आजीने शिकवलेलं होतं. 1997 साली अमेलियांची मुलगी मेरी मोरान त्या गावी गेली, तेव्हा दोन्ही घरांतलं गाणं समोरासमोर आलं. दोन्हीकडे ते बायकांनीच जपलं होतं.

आणि हॅरिस नेक? 1942 साली युद्धासाठी विमानतळ हवा म्हणून सरकारने ती जमीन घेतली, लोकांना हुसकावलं. युद्ध संपलं, जमीन परत मिळाली नाही. आज तिथे वन्यजीव अभयारण्य आहे. गाण्याची ध्वनिमुद्रिका सुखरूप आहे, गाव नाही.

म्हणून मला वाटतं, गुल्लाचा प्रश्न आधी जमिनीचा आहे. गुलामगिरी संपल्यावर या लोकांनी जमिनी घेतल्या, पण अनेकांनी मृत्युपत्रं केली नाहीत. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसांची नावं वाढत जातात, तसं तिथेही झालं. मग एखाद्या बिल्डरने एका दूरच्या वारसाचा हिस्सा विकत घ्यायचा, कोर्टात वाटप मागायचं, की अख्खी जमीन लिलावात. 1956 साली दक्षिण कॅरोलायनातल्या हिल्टन हेड बेटाला पूल झाला आणि पाठोपाठ रिसॉर्ट आले. शेजार पांगला की मुलं गुल्ला बोलणार कोणाशी?

काम होतंय, हेही आवर्जून सांगायला हवं. सव्वीस वर्षं खपून बायबलचा नवा करार गुल्लात आणला, तो 2005 साली छापून निघाला. हार्वर्डमध्ये 2017 पासून गुल्ला शिकवली जाते. दक्षिण कॅरोलायनाने 2016 साली कायदा केला, त्यामुळे वाटपाचा दावा झाला तर विक्रीआधी इतर वारसांना दावा करणाऱ्याचा हिस्सा घेण्याची संधी मिळते. वर्गाइतकंच मोल मी या कायद्याला देते.

जॉर्जियातल्या सापेलो बेटावर हॉग हॅमॉक ही गीचींची छोटी वस्ती अजून टिकून आहे. 2023 साली तिथल्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाने, घरांची कमाल मर्यादा 1400 चौरस फुटांवरून 3000 वर नेली. मोठी घरं आली की कर वाढतील आणि आपल्याला निघावं लागेल, हे ओळखून रहिवाशांनी सह्या गोळा केल्या, मतदान मागितलं. ते रोखायला काउंटीचं प्रशासन कोर्टात गेलं. 2025 साली जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला: या निर्णयावर मतदान मागायचा त्यांना हक्क आहे.

नमस्कार.