बोला म्हणजे काय बोला?

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या नागपुरात शिकायला येणारी परदेशी मुलं तुम्ही पाहिली असतील. कुणी भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर येतं, कुणी बौद्ध धम्माच्या अभ्यासासाठी. वर्गात इंग्रजी, खोलीवर आपापली भाषा. मग कुणीतरी त्यांना माझ्यासारख्या रिटायर्ड मास्तरीणबाईंकडे धाडतं. "मॅडम, याच्याशी जरा इंग्रजीत बोलत जा." आता बोला म्हणजे काय बोला?

आपण विचारतो, नाव काय, घरी कोण कोण असतं. सुदानच्या मुलाला हे विचारणं अवघड आहे. एप्रिल २०२३ मध्ये खार्टूममध्ये लढाई पेटली, लाखो लोकांना घरदार सोडावं लागलं. त्यानं काय उत्तर द्यावं?

असाच सुदानचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. इंजिनिअरिंगचा. काहीही विचारा, "यस मॅडम, नो मॅडम, थँक्यू मॅडम." पोहे दिले, थँक्यू. वर तर्री घातली, थँक्यू. नाकाडोळ्यांतून पाणी वाहतंय, तरी थँक्यू. तर्री-पोहे ठेल्यावरच खावे, घरी ती चव येतच नाही, असं माझं ठाम मत आहे. घरच्यांना ते मान्य नाही, ते असो.

मे महिना होता. कूलरचं गवत बदलायचं होतं, म्हणून त्याला सोबत घेऊन बर्डीवर गेले. वाटेत एक पाणपोई. लाल कपडा गुंडाळलेले रांजण, खाली ओली रेती. मुलगा तिथे थबकला. वाकून रांजणाचं बूड पाहिलं, रेतीत बोट खुपसलं आणि म्हणाला, "मॅडम, धिस बॉट, सँड नो गुड!"

बॉट म्हणजे पॉट. अरबीत 'प' नाही, त्यामुळे 'प'चा 'ब' होतो.

पाणपोईवरचे काका म्हणाले, "काय म्हणते जी हा?" मी सांगितलं. काका भडकले. "रेती काढली त पाणी गरम होईन ना! त्याले सांगा, माह्या बापाच्या जमान्यापासून रेतीच आहे इथं."

मी इंग्रजीत सांगितलं आणि पोराची गाडी सुटली! त्यांच्याकडेही रस्त्याच्या कडेला असे मोठे माठ असतात, झीर म्हणतात त्यांना. येणाऱ्याजाणाऱ्यानं पाणी प्यावं म्हणून. पण ते घडवंचीवर उभे, झाडाच्या सावलीत. हवा चहूकडून लागली पाहिजे. हातवारे काय, फूटपाथवर खडूनं चित्र काय! क्रियापदं गायब, भूतकाळ गायब, 'प' तर एकही नाही. मी फक्त इकडचं तिकडे करत होते. दोन ऑटोवाले थांबले, एक काकांच्या बाजूनं, एक पोराच्या. शास्त्र म्हणाल तर दोघंही बरोबर होते. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, मग ते माठाच्या अंगावरून उडो की ओल्या रेतीतून. काकांनी रेती काही काढली नाही. पण त्याला दोन गिलास पाणी जास्त पाजलं.

बरं, हे सगळं त्या ऑटोवाल्यांनी हिंदीत केलं, माझ्याशीसुद्धा! बाहेरचा माणूस दिसला की आपण नागपूरकर लगेच हिंदीवर उतरतो, मग शेजारचा मराठी का असेना. मला हे मुळीच आवडत नाही.

तर श्रोतेहो, ज्यातलं त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, ते विचारा. आणि तो बोलत असताना मध्ये दुरुस्त करू नका. पुन्हा सांगते, मध्ये दुरुस्त करू नका. तो म्हणाला, "यस्टरडे आय गो मार्केट," तर आपण म्हणावं, "ओ, यू वेंट टू द मार्केट! व्हॉट डिड यू बाय?" बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं, गप्पा तुटत नाहीत. पुष्कळ मुलं आयएल्ट्सची, म्हणजे इंग्रजी किती येतं ते तपासणारी परीक्षा देतात. तिथे तोंडी मुलाखत ११ ते १४ मिनिटांची. ओघ, शब्दसाठा, व्याकरण, उच्चार, चौघांना सारखंच वजन. म्हणजे व्याकरणाचा वाटा पावच. आणि तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीच्या पाट्या लागतात ना चौकाचौकात, त्यांच्यावर मी एक स्वतंत्र भाषण देईन, आकाशवाणीनं बोलावलं तर.

राहिला 'प'. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची आणि 'पेन' म्हणायचं. इंग्रजीतल्या 'प'नं पट्टी हलते. आता तुम्ही करून पाहा. हलली नाही ना? आपला 'प' म्हणताना हवा फारशी सुटत नाही. 'फळ'मधल्या 'फ'सारखी हवा सोडा, मग हलेल. विद्यार्थ्याला शिकवायच्या आधी आठवडाभर आपणच करावं हे. घरचे हसतील, हसू द्या.

नमस्कार.