आधी घंटा वाजू द्या

मंडळी, आपल्या सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा कानांनी ऐकलेले किती जण आहेत? हात वर करा बघू. निम्मं सभागृह! मग माझं निम्मं काम झालं. माझे वडील त्या मिलमध्ये साच्यावर होते. पहाटेचा पहिला भोंगा झाला की आई चूल पेटवायची, दुसऱ्याला वडील उंबऱ्याबाहेर असायचे. भोंगा बोलत नव्हता. ‘उठा’ एवढंच सांगायचा आणि घरंच्या घरं उठायची.

आजचा विषय आहे, अग्निशमन दलाला आगीची वर्दी, म्हणजे खबर, देणारी वायरलेस यंत्रणा ॲनालॉगवरून डिजिटलवर कशी न्यावी. पण माझं खरं म्हणणं त्या भोंग्यातच आहे. माणसाला जागं करणं हे एक काम आणि त्याच्याशी बोलणं हे दुसरं. सेट बदलताना आपण बोलण्याचा विचार करतो आणि जागं करण्याचा विसरतो. हे मी तळमळीनं सांगतोय, कारण एकदा ते डोळ्यांनी पाहिलंय.

मी 31 वर्षं वायरलेस दुरुस्तीत काढली. गाव सांगत नाही, पण एका नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात मीच घंटेची जोडणी करून दिली होती. कंट्रोल रूममधून पाच टोन सुटायचे, प्रत्येक 100 मिलिसेकंदांचा. सगळे मिळून अर्ध्या सेकंदाची शिटी. केंद्रातला डिकोडर ती ओळखायचा, रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ‘टक्’ करायचा आणि भिंतीवरची घंटा सुरू. एरवी स्पीकर बंद. त्यामुळे फायरमन रात्री निवांत झोपायचे, दुसऱ्यांच्या गप्पांनी कुणाची झोपमोड नाही. वीस वर्षं ती घंटा वाजली. पावसाळ्यात रिलेचे पॉइंट काळे पडायचे, तेवढे पॉलिश पेपरनं घासले की झालं.

मग तिथं डिजिटल सेट आले. आवाज खणखणीत, खरखर गायब, सगळे खूश. तिसऱ्या की चौथ्या रात्री सरकीच्या गोदामाला आग लागली. कंट्रोलच्या मुलानं बटण दाबलं, त्याच्या बाजूनं वर्दी गेली. केंद्रात घंटा वाजलीच नाही. चार माणसं गाढ झोपलेली, बंब दारात उभा, बॅटरी चार्ज. उत्तर येईना म्हणून त्या मुलानं शेवटी कुणाच्या तरी घरी फोन लावला. त्यात 11 मिनिटं गेली. माणूस दगावला नाही, गोदाम गेलं. सकाळी मी पोचलो तेव्हा तो पोरगा लॉगबुकातली स्वतःचीच नोंद पुन्हा पुन्हा वाचत बसला होता. म्हणाला, ‘काका, मी बटण दाबलं होतं हो.’ त्यानं दाबलंच होतं!

मी दोन्ही टोकांना आवाज रेकॉर्ड केला. इकडून सुटलेले टोन बासरीसारखे स्वच्छ. तिकडे पोचलेले मात्र बाटलीत पाणी ओतल्यासारखे, गुडगुड. डिकोडर बिचारा कशाला ओळखेल?

कारण समजून घ्या. ॲनालॉग सेट आवाज जसाच्या तसा लहरीवर चढवतो. डिजिटल सेटमधला व्होकोडर मूळ आवाज पाठवतच नाही. 20 मिलिसेकंदांचा एकेक तुकडा घेऊन ‘गळा असा होता, स्वर इतका उंच होता’ असं त्याचं वर्णन पाठवतो. टेलिफोन एक्स्चेंज ज्या बोलण्याला सेकंदाला 64,000 बिट देतं, ते डीएमआर नावाच्या पद्धतीच्या डिजिटल सेटमध्ये 2,450 बिटांत बसवतात. ही कमाल आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण ती माणसाच्या गळ्यावर बेतलेली आहे. शिटी हा गळा नव्हे. अमेरिकेतल्या फायरमननाही हाच धडा मिळाला. माइकजवळ करवत किंवा अलार्म चालू असला की डिजिटलवर बोलणं कळेनासं होतं, असा इशारा तिथल्या अग्निशमन प्रमुखांच्या संघटनेनं 2008 मध्ये दिला.

आपल्याला मिनिटांची किंमत कुणी शिकवायला नको. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली, 8 जीव गेले. माझ्या गोष्टीचा त्या घटनेशी संबंध जोडू नका. शहराच्या मनात ती रात्र आहे, एवढ्यासाठीच नाव घेतलं.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. मूळ विषय राहिलाच की! पाच मिनिटं द्या, भराभर सांगतो.

डिजिटल जरूर आणा. 12.5 किलोहर्ट्‌झच्या एकाच चॅनेलवर दोन वेगळी संभाषणं चालतात, कोण बोलतोय ते पडद्यावर दिसतं. फक्त वर्दी आवाजातून पाठवू नका, डेटा म्हणून पाठवा. मजकुरात पत्ताही जाईल. बुधवार पेठ की गुरुवार पेठ, हा घोळ आपल्याकडे तेलुगू, कन्नड, मराठी बोलणाऱ्या तिघांत रोज होतो, तो मिटेल. केंद्रातून ‘मिळाली’ अशी पोच उलट आलीच पाहिजे. ठरलेल्या सेकंदांत ती आली नाही, तर कंट्रोलमध्येच घंटा वाजावी. त्या पोराला एवढंच हवं होतं.

जुना ॲनालॉग सेट लगेच भंगारात देऊ नका. एक पावसाळा आणि पंढरपूरची एक आषाढी दोन्ही यंत्रणा सोबत चालवा, कारण वारीच्या गर्दीत मोबाईल अडकतो तेव्हाच खरी परीक्षा होते. आणखी एक. ॲनालॉगची रेंज संपत आली की खरखर वाढते, माणूस सावध होतो. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ बोलतं आणि एकदम गप्प होतं. म्हणून गल्लीबोळांत, तळघरांत सेट घेऊन चालत जाऊन तपासा, नकाशावर विसंबू नका. रोज सकाळी ड्यूटी बदलताना घंटा वाजवून वहीत सही घ्या.

तो जुना डिकोडर मी इथं टेबलावर जोडून ठेवलाय. डावं बटण दाबलंत की मूळ टोन जातो, उजव्यानं त्या गावातलं रेकॉर्डिंग. जाताना दोन्ही दाबून बघा. रिले कधी ‘टक्’ करतो ते कान देऊन ऐका.