बोट मागून बघावी

(इंदूरमध्ये मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इंदूरहून मुंबई रस्त्याने सहाशेच्या आसपास किलोमीटर आहे. आपल्याकडे जुनी मोटरबोट घ्यायची म्हटलं की ती बहुधा मुंबई, अलिबाग किंवा गोव्याकडून ट्रकवर चढून येते. आपण ती बघतो कोरड्या जमिनीवर, ताज्या रंगात. पुढचं टोक चकचकीत, सीटची कव्हरं नवी, एक स्पीकरही बसवलेला. सगळे पुढून बघतात आणि फोटोही पुढूनच काढतात. पैसा मात्र मागच्या दीड-दोन फुटांत असतो. इंजिन ज्या फळीला टांगलेलं असतं ती फळी आणि ते इंजिन, एवढ्यावरच सौदा स्वस्त की महाग ते ठरतं.

पण बोटीच्या आधी पाण्याचं बघू. आपल्या शेजारचे यशवंत सागर आणि सिरपूर हे दोन्ही तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत आणि यशवंत सागरचं पाणी शहर पितं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ खंडपीठाने भोज पाणथळीवर, म्हणजे भोपाळच्या तलावांवर, क्रूझ आणि मोटरबोटी बंद करायला सांगितलं. त्यामुळे ‘बोट घेऊ, मग कुठे चालवायची ते बघू’ हा क्रम उलटा आहे. ज्या पाण्यावर चालवायची तिथल्या प्रशासनाची लेखी परवानगी आधी, बयाणा नंतर. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ चा आहे आणि जून २०२२ पासून लागू झाला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला त्याखाली सर्वेक्षणाचा दाखला, नोंदणी आणि विमा लागतो. समुद्रावर फिरलेल्या बोटीचे कागद वेगळे असतात, ते इथे आपोआप चालत नाहीत. विकणारा म्हणतो, ‘होऊन जाईल साहेब.’ झालेलं दाखव म्हणावं.

पाण्याचा स्वभावही बोट ठरवतो. नर्मदेवरचा इंदिरा सागर जलाशय पूर्ण भरतो तेव्हा पातळी २६२.१३ मीटर असते, किमान पातळी २४३.२३. फरक जवळजवळ १९ मीटरचा. हरसूदसारखं अख्खं गाव २००४ साली या पाण्याखाली गेलं. पावसाळ्यानंतर जिथे बिनधास्त फिरता येतं, तिथेच उन्हाळ्यात हातभर पाण्याखाली खोड किंवा भिंत असू शकते. अशा ठिकाणी इंजिन आपटल्यावर वर उचललं जाणारं हवं, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं आउटबोर्ड. इंजिन आत आणि पाय, म्हणजे पंखा असलेला खालचा भाग, मागे बाहेर, अशी स्टर्नड्राइव्हची जुनी बोट स्वस्त मिळते. ती स्वस्त का असते? तिच्या पायाभोवतीचे रबरी भाते ठरावीक वर्षांनी बदलावे लागतात. फाटले की पाणी थेट बोटीत येतं, आणि ते काम करणारा कारागीर आपल्याकडे सहज मिळत नाही. पहिली बोट घेणाऱ्याने तिच्या नादी लागू नये.

आकाराचा हिशोब सोपा आहे. वीस फुटांच्या आतल्या बोटीसाठी लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. सोळा फूट लांब, सहा फूट रुंद बोट घेतली तर ९६ भागिले १५, म्हणजे सहा माणसं. शांत पाण्यात सहा. ‘लहान मुलं आहेत, बसतील दाटीवाटीने’ हे घाटावरच्या नावेत ऐकलेलं वाक्य इथे चालत नाही. बोटीवर कारखान्याची क्षमतेची पट्टी असेल तर आकडा तिचाच धरायचा.

नवी की जुनी? २२ सप्टेंबर २०२५ पासून विहाराच्या बोटींवर ४० टक्के जीएसटी आहे. दहा लाखांच्या बोटीवर चार लाख कर. खाजगी माणसाकडून जुनी घेतली तर हा कर लागत नाही, म्हणून जुन्याकडे ओढा. ठीक आहे, पण वाचलेल्या पैशातला पाचवा हिस्सा तरी दुरुस्तीसाठी वेगळा ठेवायचा, नाहीतर पहिल्या मोसमात बोट ताडपत्रीखाली जाते. एक मधला मार्ग आहे, फार लोक वापरत नाहीत: तळ, म्हणजे इंजिनाशिवायची बोट, जुना आणि मजबूत, इंजिन नवं. त्यात इंजिनाची हमी मिळते आणि जोखीम फळीपुरती उरते.

आता ती फळी. इंग्रजीतून आलेला ट्रान्सम हा शब्द आपल्याकडचे मेकॅनिकही वापरतात. फायबरच्या बोटीत तिच्या आत बहुधा प्लायवूड असतं. इंजिनाचे बोल्ट, पाणी निघण्याचं भोक, जुन्या फिटिंगची विसरलेली भोकं, यांतून पाणी आत जातं आणि प्लाय कुजतो. बाहेरून काही दिसत नाही, त्यावर रंग चढला की अजिबातच नाही. तपासणी अशी: प्लास्टिकच्या डोक्याच्या हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चार-चार इंचांवर ठोकत जा. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो, कुजलेल्या जागी भदभद. मग इंजिन थोडं वर तिरकं करा, त्याच्या खालच्या टोकावर हाताने भार द्या आणि दुसऱ्याला फळीकडे बघायला सांगा. फळी लवली, किंवा वरच्या कोपऱ्यात केसासारखी चीर उघडली-मिटली, तर तिथेच थांबा. एखादा बोल्ट काढायची परवानगी मिळाली तर भोकात काडी फिरवा. काळपट ओला भुसा निघाला तर नवी फळी भरावी लागणार. म्हणजे इंजिन उतरवणं, आतलं फायबर कापणं, नवा प्लाय इपॉक्सीत भिजवून बसवणं. हे काम रंगापेक्षा कितीतरी महाग आहे.

दुसरी युक्ती जवळजवळ फुकटची आहे. बोट ट्रेलरवर असेल तर धर्मकाट्यावर न्या. एकूण वजनातून ट्रेलर, इंजिन आणि पेट्रोलचं वजन वजा करा. पेट्रोल लिटरला पाऊण किलो धरलं तरी चालेल. सोळा फुटी साध्या फायबरच्या बोटीचा तळ साधारण साडेतीनशे ते साडेचारशे किलो असतो. उरलेलं वजन कारखान्याच्या आकड्यापेक्षा शंभर-दीडशे किलोने जास्त निघालं, तर बोटीच्या जमिनीखालचा तरंगण्यासाठीचा फोम पाणी पिऊन बसलाय. तो वाळत नाही.

फळीवरच्या वजनाचंही बघा. जुनं ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन साधारण ७०-८० किलोचं, त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक शंभराच्या आसपास. टू-स्ट्रोक काढून फोर-स्ट्रोक लावलं असेल तर बोट मागे बसते. फळीची उंचीही जुळायला हवी: १५ इंची फळीला छोट्या पायाचं, २० इंचीला लांब पायाचं. चुकीचं जोडलं की पंखा एकतर हवा ओढतो किंवा उगाच खोल बुडतो.

इंजिन बघायला जाताना विकणाऱ्याला आधी फोन करून सांगा, इंजिन चालू करून ठेवू नका. गेल्या-गेल्या वरचं झाकण काढून हात लावा. गरम असेल तर का, ते विचारा. थंड इंजिनाची अवघड सुरुवात लपवायची तेव्हाच ते गरम केलेलं असतं. सोबत कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरातला दाब मोजणारं), प्लग पाना आणि पाण्याची नळी जोडायचे ‘कान’ न्या, म्हणजे जमिनीवर चालवताना इंजिनाला पाणी मिळेल. बिनपाण्याचं आउटबोर्ड थोडा वेळ चालवलं तरी पंपातलं रबरी इम्पेलर जळतं. चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार यायला हवी. धार अशक्त असेल तर इम्पेलर किंवा तुंबलेली वाट. इम्पेलर दर दोन वर्षांनी बदलायचंच, मागचं केव्हा बदललं ते विचारा.

कॉम्प्रेशन सगळे प्लग काढून, ठिणगी बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजायचं. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक म्हणजे एकाची रिंग किंवा भिंत गेली. मग खालच्या गिअरपेटीचा स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब तेल बोटावर घ्या. दुधी दिसलं तर सील गेलं आणि पाणी आत आलं. बहुतेक वेळा दोषी असते पंख्यामागे गुंडाळलेली मासेमारीची तंगूस. पंखा काढून बघितलात तर ती दिसेल. पंखा काढलेलाच असताना शाफ्ट हाताने फिरवा. टोक डुगडुगलं तर तो कधीतरी खोडावर आपटलाय.

समुद्रातून आलेल्या बोटीचे अ‍ॅनोड बघा, म्हणजे गंजाने आधी स्वतः झिजावं म्हणून लावलेले धातूचे तुकडे. खाऱ्या पाण्यासाठी जस्त असतं, नर्मदेच्या गोड्या पाण्यात त्याचा उपयोग नाही. तिथे मॅग्नेशियम लावायचं, किंवा दोन्हीकडे चालणारं अ‍ॅल्युमिनियम. अर्धे झिजलेले अ‍ॅनोड ही चांगली खूण, ते काम करत होते. रंग मारलेले अ‍ॅनोड ही वाईट खूण. आणि गंजलेल्या इंजिनावर अगदी कोरे अ‍ॅनोड दिसले तर विकणारा हुशार आहे, एवढं नक्की.

पेट्रोलबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि अनेक आउटबोर्डांच्या पुस्तिका १० टक्क्यांवर थांबतात. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी बसतो आणि इंजिन नेमकं तळातूनच पितं. जुन्या रबरी नळ्या आतून सोलल्या जातात, कार्बोरेटरच्या जेटमध्ये चोथा अडकतो. म्हणून बोट घेतल्या-घेतल्या इंधनाच्या सगळ्या नळ्या आणि हातपंपाचा फुगा बदला, १० मायक्रॉनचा पाणी वेगळा करणारा फिल्टर बसवा आणि महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. टू-स्ट्रोकमध्ये तेल ५० ला १ असेल तर २५ लिटरला ५०० मिली, तेल टीसीडब्ल्यू-३ प्रतीचं, म्हणजे बोटींच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचं. मोटरसायकलचं तेल नको.

खर्चाचा अंदाज: फोर-स्ट्रोक ४० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण वेगात तासाला १४-१५ लिटर पितं. जुनं कार्बोरेटरचं टू-स्ट्रोक त्याहून जास्त. आरामात फिरलात तर निम्म्यावर येतं.

पाण्यावरची चाचणी टाळू देऊ नका, आणि ती तुमच्या नेहमीच्या माणसांच्या वजनासह घ्या. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे पुस्तिकेतल्या मर्यादेत यायला हवेत, बऱ्याच इंजिनांना मिनिटाला ५,००० ते ६,०००. कमी आले तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकायला हवा ते अंतर) एक इंच उतरवल्यावर साधारण २०० फेरे वाढतात. किनाऱ्यावर बरोबर असलेला पंखा इथल्या उंचीला आणि मेच्या उन्हात जड पडू शकतो, हे लक्षात ठेवा. फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तर पंख्यातलं रबर सरकतंय. किल स्विचची, म्हणजे चालक पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी ओढून इंजिन बंद होतंय का ते बघा. प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट हवं आणि बोटीत एक जोडी वल्ही हवीत. आपल्याकडे ती बोटीत शोधावी लागतात.

पैसे देण्याआधी इंजिनाच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा क्रमांक कागदाशी ताडा. पट्टी घासलेली किंवा गायब असेल तर उठून या. आणि ट्रकवर चढवताना इंजिन तिरकं करून पायाला आधाराची काठी लावा. नाहीतर सहाशे किलोमीटर ते खड्ड्यांवर त्याच फळीला झटके देत येईल.